वडिलांची फिटची गोळी आणि हिपॅटायटिस सीचा उपचार एकत्र का चालत नाही?

तासगावचा_बेदाणा

नमस्कार. माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. आमचे गाव तासगावच्या अलीकडे आहे आणि घरची द्राक्षबाग आहे. गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले तेव्हा त्यांना हिपॅटायटिस सी असल्याचे निघाले. त्यानंतर व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचे प्रमाण) आणि फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी) या दोन्ही तपासण्या झाल्या. यकृत कडक होण्यास सुरुवात झाली आहे, मात्र पोटात पाणी नाही आणि कावीळही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. सोफोसबुविर आणि वेलपाटासविर यांची एकत्रित गोळी रोज एक याप्रमाणे १२ आठवडे घ्यायची, असा उपचार ठरला.

१९९४ साली सांगली रस्त्यावर वडिलांच्या मोटारसायकलला अपघात झाला होता. त्या वेळी डोक्याला मार लागला, मिरजेत शस्त्रक्रिया झाली आणि तीन बाटल्या रक्त द्यावे लागले. पुढे त्यांना फिट येऊ लागल्या, तेव्हापासून ते रोज रात्री फेनिटॉइनच्या १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या घेतात. गेल्या ११ वर्षांत त्यांना एकदाही झटका आलेला नाही. याशिवाय रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन १० आणि सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ४० अशी औषधे चालू आहेत. यकृतासाठी म्हणून एका नातेवाइकांनी भुईआवळा आणि कुटकीचे चूर्णही आणून दिले आहे.

अडचण अशी झाली की, उपचार लिहून देताना फिटच्या गोळीविषयी कोणी विचारले नाही आणि आम्हालाही ते सांगण्यासारखे वाटले नाही. २८ गोळ्यांची पहिली बाटली हातात देताना औषधे देणाऱ्या ताईंनी मात्र सहज विचारले, "आणखी काय काय चालू आहे?" फेनिटॉइनचे नाव ऐकताच त्यांनी आम्हाला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी सांगितले की, फिटची गोळी बदलल्याशिवाय हा उपचार सुरू करायचा नाही. बाटली सीलबंद आहे आणि आईने ती कपाटात कागदपत्रांच्या डब्यात ठेवली आहे. काका म्हणतात की, ११ वर्षांत झटका नाही, तेव्हा तीन महिने फिटची गोळी बंद ठेवा आणि हा कोर्स उरकून घ्या.

कृपया जाणकारांनी सांगावे की, मेंदूसाठीच्या गोळीचा यकृतातल्या विषाणूवरच्या औषधाशी संबंध कसा येतो? आणखी एक गोष्ट. वडिलांच्या जुन्या औषधाच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट खाऊ नये असे वाचल्यापासून त्यांनी स्वतःच्या बागेतली द्राक्षे खाणे सोडले आहे. सध्या माल उतरणीला आला आहे आणि ते एक मणीही तोंडात टाकत नाहीत. हे बरोबर आहे का?


मिरज_औषधशास्त्र

मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे यंत्रणा समजावून सांगू शकते. डोस आणि बदल मात्र आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत. सर्वांत आधी काकांच्या सल्ल्याविषयी लिहिते, कारण त्यात थेट धोका आहे. फेनिटॉइन अचानक बंद केल्यास एकामागून एक न थांबणारे झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. ११ वर्षे झटका आला नाही तो बहुधा या गोळीमुळेच, हे त्यांना कृपया आजच सांगा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तोंडाने घेतलेले औषध आतड्यातून शोषले जाते आणि पोर्टल शिरेतून आधी यकृतात पोहोचते, मग उरलेल्या शरीरात जाते. यकृताच्या पेशींत आणि आतड्याच्या अस्तरातही औषधांचे रासायनिक रूपांतर करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, असतात. त्यांतले सीवायपी ३ए४ हे सर्वांत कामाचे, कारण बाजारातल्या औषधांचा फार मोठा हिस्सा त्याच्या हातून जातो. औषध मेंदूचे असो, हृदयाचे असो की विषाणूवरचे, यकृताच्या दृष्टीने तो बाहेरून आलेला आणि निकाली काढायचा माल असतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात त्या दिवसाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. पोती हलवणारे हमाल ठरावीक असतील तर माल काही वेळ फडीवर राहतो. हमाल दुपटीने वाढवले तर व्यापारी येण्याआधीच पोती हललेली असतात. फेनिटॉइन हेच करते. ते यकृताच्या पेशीत शिरून पीएक्सआर नावाच्या, संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टरला) जागे करते, ते प्रथिन पेशीच्या केंद्रकातील जनुकांना सूचना देते आणि पेशी सीवायपी ३ए४ व त्याच्या सोबतची विकरे जास्त प्रमाणात तयार करू लागते. याला विकर-उद्दीपन म्हणतात. वेलपाटासविरचे विघटन सीवायपी २बी६, २सी८ आणि ३ए४ या तीन विकरांकडून होते. फेनिटॉइनमुळे ती वाढलेली असल्याने औषध रक्तात टिकण्याआधीच नाहीसे होऊ लागते.

सोफोसबुविरची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिथे बरेच जण गोंधळतात. त्याला सीवायपी विकरे फारशी हात लावत नाहीत. मात्र आतड्याच्या पेशींत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप असतो, जो आत आलेले औषध परत आतड्याच्या पोकळीत ढकलतो. त्याच पीएक्सआरच्या सूचनेने या पंपांची संख्याही वाढते, त्यामुळे सोफोसबुविर मुळात आतच कमी शिरते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन हे या जातीचे सर्वांत जोरदार औषध. त्याच्यासोबत मोजमाप केले तेव्हा रक्तातले सोफोसबुविरचे एकूण प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी आणि वेलपाटासविरचे सुमारे ८२ टक्क्यांनी घटलेले आढळले. फिटच्याच कार्बामाझेपिन या औषधामुळे सोफोसबुविर जवळपास निम्म्यावर येते. फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन याच गटात धरले जातात.

औषध कमी पडले तर केवळ उपचार फुकट गेला, एवढ्यावर हे थांबत नाही. अर्धवट मात्रेत विषाणू जगतो आणि त्यातले औषधाला दाद न देणारे प्रकार शिल्लक राहून वाढतात. वेलपाटासविर विषाणूच्या ज्या एनएस५ए प्रथिनावर काम करते, त्या प्रथिनातले असे बदल पुढे वर्षानुवर्षे टिकून राहू शकतात, म्हणजे दुसऱ्या वेळचा उपचारही अवघड होतो. नीट घेतला तर हाच १२ आठवड्यांचा उपचार १०० पैकी ९५हून अधिक रुग्णांना पूर्ण बरे करतो, म्हणून पहिली संधी वाया घालवू नये. बाटली देण्यापूर्वी ज्या ताईंनी तो एक प्रश्न विचारला, त्यांनी आपल्या वडिलांवर मोठे उपकार केले आहेत.

द्राक्षांविषयी निःशंक राहा. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, ते पपनसाच्या आणि संत्र्याच्या संकरातून आलेले लिंबूवर्गीय फळ आहे. त्यातली फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्ये आतड्यातले सीवायपी ३ए४ कायमचे निकामी करतात आणि नवे विकर तयार होईपर्यंत काही औषधे रक्तात प्रमाणाबाहेर चढतात. कॅनडातील संशोधकांना १९८९ च्या सुमारास हे योगायोगानेच कळले, कारण रक्तदाबाच्या औषधावरील एका प्रयोगात मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी या फळाचा रस वापरला होता. तासगावच्या द्राक्षांत आणि बेदाण्यांत हा गुण नाही. पपनस मात्र उपचाराच्या काळात टाळलेले बरे.

चूर्णाविषयी माझे मत स्पष्ट आहे: उपचार संपेपर्यंत ते थांबवा. वनस्पती असली म्हणून ती यकृतातल्या विकरांना हात लावत नाही असे नसते. युरोपात मनाच्या उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतल्यावर एचआयव्हीवरच्या इंडिनाविर या औषधाचे रक्तातले प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले, हे २००० सालीच मोजून दाखवले गेले होते. आमटीतली हळद चालेल, पण मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल नकोत, कारण मिरीतले पायपेरिन त्याच पंपावर आणि त्याच विकरावर परिणाम करते.


कवठेमहांकाळ_ताई

मी डॉक्टर नाही, पण असे औषध बंद झाल्यावरही दोन आठवडे थांबावे लागते, हा हिशोब आमच्या घरात अनुभवला आहे, म्हणून लिहिते. माझ्या भावाला एचआयव्ही आहे आणि तो एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातून) मिळणारी टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्रित गोळी रोज रात्री घेतो. दोन वर्षांपूर्वी त्याला फुप्फुसाचा क्षय झाला. क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन असते आणि त्यामुळे डोल्युटेग्राविर लवकर संपते, म्हणून केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी त्याला डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची एक वेगळी गोळी १२ तासांच्या अंतराने सकाळी घ्यायला सांगितली होती.

सहा महिन्यांनी क्षयाचा कोर्स संपला. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, हे घरात सगळ्यांना माहीत होते. शेवटच्या गोळीनंतर दोन दिवसांत लघवीचा रंग पूर्ववत झाला, तेव्हा भावाने आपल्या मनाने ठरवले की औषध शरीरातून गेले, आता सकाळची जादा गोळी नको. मी त्याला घेऊन केंद्रात गेले, तेव्हा ताईंनी समजावले की, रंग गेला म्हणजे औषध गेले, पण त्याने यकृतात वाढवून ठेवलेली विकरे इतक्यात कमी होत नाहीत, त्यांना साधारण दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस जादा गोळी चालूच ठेवायची. त्याने ती चालू ठेवली आणि त्यानंतरच्या तपासणीत त्याचा व्हायरल लोड आढळला नाही.

दादा, तुमच्या वडिलांची फिटची गोळी बदलल्यावरही लगेच दुसऱ्या दिवशी ती बाटली उघडू नका. डॉक्टरांना त्या दोन आठवड्यांविषयी जरूर विचारा.


तासगावचा_बेदाणा

आपणा दोघींचे मनापासून आभार. काकांना वरचा मजकूर वाचून दाखवला आणि त्यांनी आपला आग्रह सोडला. वडिलांनी काल संध्याकाळी बागेतून आल्यावर द्राक्षांचा एक घड संपवला.

ताईंचा अनुभव वाचून एक शंका आली. त्यांच्या भावाला डोल्युटेग्राविर दुप्पट देऊन काम भागले, मग वडिलांनाही सोफोसबुविर आणि वेलपाटासविरच्या दोन गोळ्या देऊन फेनिटॉइन तसेच ठेवता येणार नाही का? ३० वर्षे लागू पडलेली गोळी बदलण्याची आईला फार भीती वाटते. आणि बदलायचीच तर ओळखीच्या एका मुलाला चालू असलेले कार्बामाझेपिन चालेल का?


मिरज_औषधशास्त्र

कवठेमहांकाळच्या ताईंनी सांगितलेले दोन आठवड्यांचे अंतर अगदी बरोबर आहे. वाढलेली विकरे ही प्रथिने असतात, ती आपल्या गतीने झिजतात आणि नवी कमी प्रमाणात तयार होऊ लागतात. हमाल कमी करायचे ठरले तरी टोळी दुसऱ्या दिवशी घरी जात नाही, असे समजा.

आता दुप्पट डोसविषयी. डोल्युटेग्राविरचे विघटन मुख्यतः यूजीटी १ए१ या वेगळ्या विकराकडून होते आणि सीवायपी ३ए४ चा त्यात वाटा कमी असतो. रिफाम्पिसिनमुळे तेही घटते, पण दिवसातून दोनदा ५० मिलिग्रॅम दिले की प्रमाण पुन्हा पुरेसे होते, हे क्षय आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या रुग्णांमध्ये तपासून पाहिले गेले आहे, म्हणूनच तो सल्ला आज देशभर पाळला जातो. सोफोसबुविर आणि वेलपाटासविरच्या बाबतीत जोरदार उद्दीपकासोबत किती वाढवले म्हणजे पुरेल, असा सिद्ध झालेला डोस नाही. ८२ टक्के घट झालेले औषध दुप्पट केले तरी मूळ प्रमाणाच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही, हा साधा गुणाकार आपण कागदावर करून पाहू शकता. याच आजारावरच्या डॅक्लाटासविर या औषधाचा डोस मध्यम उद्दीपकासोबत ६० वरून ९० मिलिग्रॅम करतात, मात्र फेनिटॉइनसारख्या जोरदार उद्दीपकासोबत तेही वर्ज्य आहे. कार्बामाझेपिन त्याच गटातले असल्याने त्याचा उपयोग होणार नाही.

अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञ बहुधा लेव्हेटिरासिटॅमचा विचार करतात. या औषधाचा सुमारे दोन तृतीयांश भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो आणि उरलेल्याचे रूपांतरही सीवायपी विकरांवर अवलंबून नसते, म्हणून ते यकृताच्या या रस्त्याने जातच नाही. त्याच्यासाठी मूत्रपिंडाचे काम पाहावे लागते, तेव्हा क्रिएटिनिनची तपासणी आधी करून घ्या. काहींना त्याने चिडचिड होते किंवा मन उदास होते, घरच्यांनी त्याकडे लक्ष ठेवावे. सोडियम व्हॅल्प्रोएट उद्दीपन करत नाही, परंतु ते यकृतालाच अपाय करू शकते, म्हणून कडक होऊ लागलेल्या यकृतात ते शक्यतो टाळतात. बदल करताना आधी नवे औषध पुरेशा मात्रेवर आणतात आणि मग फेनिटॉइन हळूहळू उतरवतात, मध्ये एकही दिवस संरक्षणाशिवाय जाऊ देत नाहीत. आईंना हे सांगा, म्हणजे त्यांची भीती थोडी कमी होईल. वडील आत्ता स्थिर आहेत आणि हा विषाणू दशकांच्या गतीने यकृत खराब करतो, तेव्हा गोळी बदलायला लागणाऱ्या साधारण दोन महिन्यांच्या थांबण्याने त्यांचे नुकसान होण्याची शक्यता फार कमी आहे.

एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून ती आवर्जून सांगते. आपल्या वडिलांना ॲम्लोडिपिन आणि ॲटोरव्हास्टॅटिनचे जे डोस ठरले, ते वाढलेल्या विकरांच्या यकृतात ठरले आहेत, कारण ही दोन्ही औषधेही सीवायपी ३ए४ कडूनच निकाली निघतात. फेनिटॉइन गेले की ॲम्लोडिपिनचा तोच ५ मिलिग्रॅमचा डोस त्यांना जास्त पडू लागेल. रक्तदाब खाली येणे, उठताना चक्कर येणे, घोट्यांना सूज येणे असे होऊ शकते, म्हणून फेनिटॉइन उतरवायला लागल्यापासून घरी रोज रक्तदाब मोजून वहीत लिहा. त्यानंतर विषाणूवरची गोळी सुरू झाली की तीही ॲटोरव्हास्टॅटिनचे प्रमाण आणखी सुमारे दीडपट करते. मांड्यांत किंवा दंडांत कारण नसताना दुखू लागले तर ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. कोलेस्टेरॉलची गोळी त्या १२ आठवड्यांपुरती थांबवायची का, हे त्यांना आधीच विचारून ठेवलेले बरे.

आपण लिहिलेला १९९४ चा अपघात माझ्या मनात राहिला. आपल्याकडे दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी बंधनकारक झाली ती २००१ पासून. त्याआधी दिलेल्या रक्तातून हा आजार अनेकांना झाला, आणि आपल्या वडिलांच्या बाबतीतही तसे असणे शक्य आहे. तसे असेल तर ज्या अपघाताने त्यांना फिटची गोळी लावली, त्यानेच हा विषाणूही दिला. त्या काळात ज्यांना रक्त चढवले गेले, अशा आपल्या परिचितांना एकदा तपासणी करून घ्यायला सांगा. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ही तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत मिळतात.


औषधपेढी_सातारा

माझे साताऱ्यात २२ वर्षांपासून मेडिकलचे दुकान आहे. वरील चर्चा वाचली आणि दुकानाच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली गोष्ट पॅन्टोप्राझोलची, जी या चर्चेत मागे पडली. तिचा संबंध यकृताशी नसून पोटातल्या आम्लाशी आहे, पण परिणाम तोच होतो. वेलपाटासविर विरघळण्यासाठी पोटात आम्ल लागते आणि ॲसिडिटीची गोळी ते आम्लच कमी करते. म्हणून वेलपाटासविरसोबत ही गोळी शक्यतो घेऊ नये असे सांगितले जाते. फारच गरज असेल तर विषाणूवरची गोळी जेवणासोबत घ्यायची आणि ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम त्यानंतर चार तासांनी, एवढीच तपासलेली पद्धत आहे. ॲसिडिटीच्या त्याच गटातल्या इतर गोळ्या आणि ४० चा डोस तसे तपासलेले नाहीत. पातळ अँटासिड घ्यायचे झाल्यास त्यातही चार तासांचे अंतर ठेवावे लागते. माझ्या दुकानात ॲसिडिटीच्या गोळ्यांचे पाकीट मागणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांना ती कोणी आणि कशासाठी सुरू केली हे आठवत नाही. कधीतरी गुडघेदुखीच्या गोळ्यांसोबत आठ दिवसांसाठी लिहून दिलेली असते आणि ती पुढे वर्षानुवर्षे चालू राहते. आपल्या वडिलांना ती खरोखर लागते का, हे डॉक्टरांना विचारा. बंद करायची ठरल्यास एकदम न थांबवता हळूहळू कमी करा, नाहीतर काही दिवस जळजळ उलट वाढते आणि रुग्ण कंटाळून पुन्हा दुकानात येतो.

दुसरी गोष्ट उलट्या दिशेची आहे. इथे सगळी चर्चा विकरे वाढवणाऱ्या औषधांची झाली, पण विषाणूवरचे रिटोनाविर हे औषध विकर अडवून ठेवते. ते मुद्दाम थोड्या मात्रेत दिले जाते, म्हणजे सोबतचे दुसरे औषध यकृतात लवकर नष्ट होत नाही. एचआयव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या औषधांत ते असते आणि कोविडवरच्या निर्माट्रेलविरसोबतही तेच असते. मात्र त्याला आपले औषध आणि दुसऱ्याचे औषध यांत फरक करता येत नाही. माझ्याकडे नियमित येणारे एक गृहस्थ दर पावसाळ्यात शिंकांसाठी नाकात मारायचा फ्लुटिकासोनचा फवारा नेत असत. एका वर्षी त्यांचा चेहरा वाटोळा आणि तांबूस झाला, मानेमागे चरबी जमली आणि आधी नसलेली साखर वाढली. सगळ्यांना वाटले की तब्येत सुधारली. मी एकदा बाजूला घेऊन शांतपणे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, दुसऱ्या गावातल्या केंद्रातून ते ॲटाझानाविर आणि रिटोनाविर घेतात. नाकातल्या फवाऱ्यातून जेवढे थोडे स्टेरॉइड शरीरात जाते, तेवढे यकृत एरवी सहज निकाली काढते. त्यांच्या यकृताला रिटोनाविरने अडवले होते, म्हणून ते महिनोन्महिने साचत गेले. त्यांना मी स्वतः डॉक्टरांकडे पाठवले, कारण असा फवारा एकदम बंद करणेही धोक्याचे असते. शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची सवय मोडलेली असते.

त्या गृहस्थांनी दुकानात हे सांगितले नव्हते, याचा दोष मी त्यांना देत नाही. काउंटरवर चार माणसे उभी असताना एचआयव्हीचे औषध चालू आहे, हे कोण सांगेल? म्हणून तेव्हापासून माझ्याकडे मागच्या बाजूला एक खुर्ची आहे आणि नवे औषध नेणाऱ्याला मी तिथे बसवून विचारतो. फिटची गोळी, क्षयाची गोळी, नाकातला फवारा, गुडघ्यात घेतलेले इंजेक्शन, अर्धशिशीची गोळी ही नावे मी स्वतःच घेतो, कारण "आणखी काही चालू आहे का?" असे मोघम विचारले की उत्तर "नाही" असेच येते. वर्षानुवर्षे चाललेले औषध माणसाला औषध वाटतच नाही. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर तेही जरूर सांगा, कारण सोफोसबुविरसोबत ते दिल्याने ठोके धोकादायकरीत्या मंद झाल्याची उदाहरणे आहेत आणि २०१५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशाराही दिला होता.

जाता जाता एक विचारतो. वडिलांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या आहेत का? इतकी वर्षे फेनिटॉइन घेणाऱ्यांमध्ये मी ते अनेकदा पाहिले आहे आणि गोळी बदलल्यावर काहींना त्यात आराम पडतो.


तासगावचा_बेदाणा

दोन महिन्यांनी लिहितो आहे, कारण पुढे काय झाले ते आपणा सर्वांना कळवणे माझे कर्तव्य आहे.

मिरजेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी क्रिएटिनिन पाहून लेव्हेटिरासिटॅम सुरू केले, ते दोन आठवड्यांत वाढवत पुरेशा मात्रेवर आणले आणि त्यानंतर फेनिटॉइनची एकेक गोळी दर आठवड्याला कमी केली. फिट आली नाही. पहिले काही दिवस वडील चिडचिडे झाले होते, मजुरांवर आवाज चढवत होते, पण पुढे ते निवळले. हिरड्यांविषयी साताऱ्याच्या दादांनी विचारले होते. होय, समोरच्या दातांवर हिरड्या निम्म्यापर्यंत आलेल्या आहेत आणि आम्हाला ते वयामुळे वाटत होते.

मिरजेच्या मॅडमनी सांगितले तसेच रक्तदाबाचे झाले. आईने दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर रोजचे आकडे लिहिले. फेनिटॉइन चालू असताना वरचा आकडा १३० च्या आसपास असे, शेवटची गोळी बंद होऊन दहा दिवस झाले तेव्हा तो ११० च्या खाली गेला आणि बेदाणा शेडवर रॅकजवळ वाकून उठताना वडिलांना भोवळ आली. वही दाखवल्यावर डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन ५ वरून अडीच केले आणि कोलेस्टेरॉलची गोळी उपचार संपेपर्यंत थांबवली. ही शक्यता आधी माहीत नसती, तर आम्ही त्या भोवळीला फिट समजून पुन्हा जुनी गोळी सुरू केली असती, यात शंका नाही.

पॅन्टोप्राझोल तीन आठवड्यांत कमी करत बंद झाले. ते कोणी सुरू केले होते ते वडिलांनाही आठवले नाही. चूर्णाचा डबा आईने नातेवाइकांना परत केला.

फेनिटॉइनची शेवटची गोळी घेतल्याला परवा १६ दिवस झाले. डॉक्टरांनी सर्व औषधांची यादी पुन्हा एकदा आमच्या तोंडून वदवून घेतली, त्यानंतर काल रात्री जेवण झाल्यावर वडिलांनी बाटलीचे सील स्वतः फोडले आणि पहिली गोळी घेतली. आईने दिनदर्शिकेवर १२ आठवड्यांनंतरच्या तारखेला आणि त्यापुढे आणखी १२ आठवड्यांनी करायच्या व्हायरल लोडच्या तारखेला खूण केली आहे. रक्तदाबाची वही चालूच आहे. आज सकाळचा आकडा १२४/७८ होता.